धुवायचं लिहायचं राहिलं

३ मार्च

आई, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नका, बाळ बरं आहे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितोय. आणि खरं सांगायचं तर उचलला असतात तरी आपण दोघं "ऐकू येतंय ना" याच्या पुढे गेलो नसतो.

एक विचारायचं होतं. बाळाच्या डोक्यावर खपल्या धरल्यात. आधी कोंडा वाटला. आता कपाळाच्या वरपासून मागपर्यंत पिवळट, जाड पापुद्रे आहेत, ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो तसे. भुवयांतही थोडे आहेत. तिला त्याचा त्रास नसावा, कारण दूध पिते, झोपते, उगाच रडत नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पुष्कळ बाळांना होतं, काळजी नको, आपोआप जाईल. कधी जाईल ते विचारायचं राहिलं. बाहेर रांग होती.

मला घाई आहे ती वेगळ्या कारणाने. तुमची लेक गेल्यानंतर ऑफिसने दिलेली रजा ३१ तारखेला संपते. चौकापलीकडच्या पाळणाघरात जागा सांगून ठेवली होती. तिथल्या बाईंनी टोपी काढून डोकं बघितलं आणि डब्याचं झाकण लावावं तशी टोपी परत बसवली. म्हणाल्या, "हे आधी निस्तरा. पसरत नाही हे मला माहितीये हो, पण बाकीच्या आयांना कोण समजावणार?"

तुम्ही तीस वर्षं तुमच्या पार्लरमध्ये लोकांची डोकी हाताळताय. याबाबतीत तुमच्याहून जास्त माहिती असलेलं माणूस माझ्या ओळखीत नाही.

बाकी ठीक. बाळ अकरा आठवड्यांचं झालं. दवाखान्यात बघितलं होतंत त्याच्या दुप्पट तरी असेल. माझ्याबरोबर लिफ्ट-दुरुस्तीला असतो तो, ज्याला आम्ही सगळे पाना म्हणतो, रविवारी येतो आणि तिला 'मॅडम' म्हणतो. इतर दिवशी कुणी येत नाही, त्यामुळे घर आवरलेलं राहतं.

तुमचा जावई


९ मार्च

जावईबापू,

पत्र मिळालं. घाबरण्यासारखं काही नाही. काही बाळांच्या डोक्यात तेलकटपणा जास्त सुटतो, मेलेली कातडी त्याला चिकटून बसते. घाण नाही, रोग नाही, तुमचं काही चुकलेलं नाही.

सांगते तसं करा. बाळाचं साधं, वास नसलेलं तेल आणा. खपल्यांवर बोटांनी हलकं चोळा आणि मुरू द्या. नखाने खरवडू नका. पुरुषमाणसांना हे सांगावं लागतं, खपली दिसली की काढलीच. ओढून काढली तर खाली ओलं होतं, रक्त येतं आणि मग खरंच औषध लागतं. जी सुटेल ती मऊ ब्रशने काढा. टाळूला हात लावायला भिऊ नका, वाटते तेवढी ती कच्ची नसते. दिवसभर टोपी घालून ठेवू नका.

पाळणाघराच्या बाईंना सांगा की अशी डोकी मी पुष्कळ बघितली आहेत आणि ती सगळी मोठी होऊन आता माझ्याकडे केस कापायला येतात.

दोनपैकी एक खुर्ची मोडली आहे, गिऱ्हाइकं बाहेर बाकावर बसून असतात. म्हणून एवढंच लिहिते.


१६ मार्च

आई,

तुम्ही लिहिलंत ते अक्षर न् अक्षर केलं. आता आधीपेक्षा वाईट आहे.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तेल लावतोय. सुटे पापुद्रे होते ते एकमेकांना चिकटून एकच थर झालाय, मधाच्या रंगाचा. बंद डब्यातल्या जुन्या तेलासारखा वास येतो. उशी, चादर, माझ्या शर्टाचा खांदा, सगळं तेलकट. पाना म्हणाला, "मॅडमना उचलायला रबरी हातमोजे आणू का?" मी हसलो. माझंच हसणं मला ओळखीचं वाटलं नाही.

तेल कमी पडतंय असं समजून मी वाढवत गेलो. आमच्या कामात तसंच असतं. लिफ्ट ज्या रुळांना धरून वरखाली जाते त्यांना तेल द्यायचं आणि सोडून द्यायचं. कुरकुर आली तर आणखी द्यायचं. पुसून काढलं तर साहेब ओरडतात. म्हणून अंघोळ घालतानाही तिचं डोकं कोरडं ठेवतो, लावलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून. डोकं म्हणजे रूळ नव्हे हे मला कळतं. पण दुपारी घरात विचारायला कुणी नसलं की हाताला सवय असते तेच हात करतात.

पाळणाघराच्या बाईंनी परत बघितलं आणि या वेळी टोपी माझ्याच हातात दिली. पहिल्या तारखेपर्यंत डोकं साफ झालं नाही तर जागा दुसऱ्या बाळाला.

म्हणून स्पष्टच विचारतो. दोन दिवस याल का?

तुम्ही का येत नाही त्याचा अंदाज मला आहे. बाळ जन्मलं त्या दिवशी मी चार तास लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो आणि माझा फोन वरच्या मजल्यावर बॅगेत होता. मी पोचलो तेव्हा तुमच्या लेकीजवळ जेमतेम वीस मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिवशी नर्सने बाळ तुमच्यापुढे धरलं तेव्हा तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत. ते मी बघितलं. राग माझ्यावर असेल तर माझ्यावर असू द्या. बाळाला एकदा हातात घेऊन बघा, एवढंच मागतो.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ खोडलेली आहे. खिडकीत उजेडाला धरून बघितली. 'केस' एवढा एकच शब्द लागला.

तुमचा जावई


२४ मार्च

आई,

आठ दिवस झाले. पत्र पोचलं नसेल अशी मनाची समजूत घालत होतो, पण पोस्टमन म्हणतो पोचलं असणारच.

मी जास्तच मागितलं असेन. यायचं नसेल तर येऊ नका. डोक्याचं काय करू तेवढं एका ओळीत कळवा.

बाळ आता माझ्या आवाजाकडे मान वळवते. घरात दुसरा आवाजच नाही, त्यामुळे तिला निवडायला वाव नाही.


२५ मार्च

जावईबापू,

तुमचं सोळा तारखेचं पत्र दुकानात आरशापाशी उभ्यानेच वाचलं आणि घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. आठवडाभर ते तिथेच होतं. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं.

आधी डोक्याचं. चूक माझी आहे. धुवायचं लिहायचं राहिलं.

तेल लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा आणि मग सगळं धुऊन टाकायचं. कोमट पाणी, बाळाच्या शाम्पूचा थेंबभर फेस. कपाळावर आडवा हात धरा म्हणजे डोळ्यांत जाणार नाही. तेल तसंच राहिलं की खपल्या त्यातच रुतून बसतात, तुमचं तेच झालं. आठवड्यातून दोन-तीनदा करा. एका दिवसात जाणार नाही, घाई करू नका. लाल झालं, पाझरायला लागलं तर डॉक्टरांकडे न्या.

डोक्याला लावलेलं धुवायला मी कधी विसरत नाही. तोच माझा धंदा आहे. रंग लावला की तीस मिनिटं, एकतिसावं मिनिट नाही, हे माझ्या दुकानात येणाऱ्या पोरीबाळींनाही पाठ आहे. मग तुम्हाला लिहितानाच कसं राहिलं, ते सांगते.

त्या दुपारी तिचा फोन आला होता. बँकेतल्या बाई खुर्चीत होत्या, रंग लावून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. ती म्हणाली, "आई, मला दवाखान्यात आणलंय. जरा बोल ना माझ्याशी." मी म्हटलं, "अगं, रंग धुवायचाय. अर्ध्या तासात करते." ती "बरं" म्हणाली. मी रंग धुतला, बाईंचे केस सुकवले, मागून आरसाही दाखवला. मग फोन केला. सात वेळा केला. त्यानंतर तुमच्या त्या पानाचा आला.

तेव्हापासून रंगाची गिऱ्हाइकं मी समोरच्या दुकानात पाठवते. तुम्हाला लिहिताना 'मुरू द्या' इथपर्यंत आले आणि थांबले. पुढचंही लिहिलंय असंच मला वाटत होतं.

तुम्ही शाफ्टमध्ये होतात याचा राग माझ्या मनात नाही. माझा फोन बॅगेत नव्हता, कानाला होता. नर्सने बाळ पुढे धरलं तेव्हा माझ्या बोटांना तोच रंग होता, नखांच्या कडेने, काळा. हात मागे नेले ते त्यामुळे.

यायचं म्हणाल तर मला जमणार नाही. तिला मान धरता येत नव्हती तेव्हापासून ते लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत तिचं डोकं मी धुतलंय. तसलंच डोकं पुन्हा हातात आलं तर माझं काय होईल, सांगता येत नाही. खोडलेल्या ओळीत मी हेच विचारलं होतं, बाळाचे केस तिच्यासारखे आहेत का. उत्तर पाठवू नका.


३० मार्च

आई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. माझं चोवीसचं वाचून वाईट वाटून घेऊ नका.

काल डोकं धुतलं. घाबरतच धुतलं. पाणी पडल्यावर ती आधी दचकली आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली की इतके दिवस हे का नाही केलंस. वरचा थर ओल्या कागदासारखा ब्रशवर आला. निम्म्याहून जास्त तसाच आहे. एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने ब्रश. मला दोनच आहेत, म्हणून थांबलो.

पहिल्या तारखेची जागा गेली. पंधराला एक रिकामी होईल म्हणाल्या, तीही डोकं बघून. पानाने सात तारखेपर्यंत माझी पाळी घेतली आहे. आठला मला हजर व्हावंच लागेल, त्यापुढे साहेब ऐकणार नाहीत.

तुम्ही मला जे लिहिलंत ते लिहायला सोपं नव्हतं. मलाही एक लिहायचंय.

मी पोचलो तेव्हा ती बोलत होती. म्हणाली, "आईला फोन केला होता, ती कुणाचा तरी रंग धुतेय. माझ्याशी बोलत बसली असती तर त्या बाईंच्या डोक्याचा कोळसा झाला असता." आणि तुमची नक्कल केली, "एकतिसावं मिनिट नाही." हसली. अजिबात रागावली नव्हती. मग स्वतःचा फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, "आता येईल तिचा, तू घे." त्यानंतर तिला आत नेलं.

तुमचा फोन आला तेव्हा तो माझ्या हातात होता. डॉक्टर नुकतेच बाहेर येऊन सांगून गेले होते. पडद्यावर 'आई' दिसत होतं. उचलला असता तर ते मला बोलावं लागलं असतं. सातही वेळा मी नुसता बघत उभा राहिलो. मग पाना आला, त्याला म्हटलं तू कर.

ती हसली होती हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर फोन कुणाकडे होता हेही सांगावं लागलं असतं. म्हणून दोन्ही ठेवून दिलं.

आता 'या' असं म्हणायचा मला हक्क नाही. म्हणत नाही.

तुमचा जावई


३ एप्रिल

जावईबापू,

सातव्या वेळी तो वाजून थांबला नाही, कापला गेला. वाजून थांबणं आणि मधेच कापणं यातला फरक मला कळतो. फोन तुमच्या हातात असणार हे मला तेव्हाच समजलं होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते. रागावले होते. अजून थोडी आहे.

तिने माझी नक्कल केली ते वाचून दुकान लवकर बंद केलं.

सात तारखेला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नका, बाळाला गर्दीत आणायचं काही कारण नाही. तोवर डोकं तुम्हीच धुवा. मी आले म्हणजे तिला घेईनच, असं धरून चालू नका.


८ एप्रिल
स्वयंपाकघरातलं टेबल

जावईबापू,

एका घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे कमालच आहे. पण काल सकाळपासून आपण दोघं मिळून दहा वाक्यं बोललो असू, त्यातली चार बाटलीच्या बुचाबद्दल. आज कामावर निघताना तुम्ही दारात थांबलात. काहीतरी म्हणणार होतात, आणि म्हणालात, "गॅस बंद आहे ना, बघा." तेव्हाच ठरवलं की लिहूनच सांगावं. संध्याकाळी वाचा, उत्तर इथेच टेबलावर ठेवा.

काल तुम्ही तिला माझ्यापुढे धरलंत आणि मी बाटल्या उकळायला उठले. दिवसभरात असं चारदा झालं. तेवढ्या बाटल्या तुमच्या घरात नाहीतही. तुम्हाला ते दिसत होतं, हे मला कळत होतं.

आज तुम्ही गेलात आणि दहा मिनिटांत ती रडायला लागली. मी पाळण्याशेजारी उभी राहिले. पाळणा हलवला. "अगं हो, हो," म्हटलं. ती लाल झाली, मग जांभळी. उचलायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून उचललं. एवढं साधं झालं ते.

उचललंच आहे तर डोकंही करून टाकू म्हटलं. टॉवेल पसरला, तिला मांडीवर आडवी घेतली, तेल लावलं आणि घड्याळ समोर ठेवलं. आता वीस मिनिटं करायचं काय? गिऱ्हाइकाशी बोलते तसं बोलले. इतके दिवस केस कुठे करत होतात, कुणी लावलं हो तुम्हाला एवढं तेल, हल्ली हवा कशी झालीये. सगळं ऐकून घेते, मत देत नाही. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

मग ब्रश फिरवला आणि धुतलं. पुष्कळ सुटलं. कानामागे आणि मागच्या बाजूला अजून आहे, ते परवा. कातडी खाली छान गुलाबी आहे, कुठे लाल नाही.

केस मी बघितले. तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत, मी सांगितलं होतं म्हणून. तिच्यासारखे नाहीत. ती जन्मली तीच डोकंभर काळं जावळ घेऊन. हिचे विरळ आहेत, मऊ, तपकिरी, आणि भोवरा डाव्या बाजूला, तुमचा आहे तिथेच. कान तुमचे. कपाळ कुणाचं कोण जाणे. मी बराच वेळ शोधत होते, पण माझ्या लेकीचं तिच्यात काही सापडलं नाही. सापडेल म्हणून इतके दिवस आले नाही, आणि नाही सापडलं म्हणून रडले. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला वाटलं असेल, ही बाई कोण आणि हिला झालंय काय. तिची माझी ओळखच नाही ना. व्हायची आहे.

दुपारी तिला घेऊन पाळणाघरात जाऊन आले. टोपी न घालता. त्या बाईंच्याच भांगात कोंडा आहे. मी तिकडे असं बघितलं की त्यांनी लगेच केसांवरून हात फिरवला. पंधरापासून घेतायत.

तोवर मी राहते. मग जाईन, दुकान उघडायला हवं. तुम्ही इथे आणि मी तिथे, ते काही बदलणार नाही. महिन्याकाठी दोन दिवस यायला जमेल असं वाटतं. बघू.

अक्षर वाकडं आलंय. डाव्या हाताने लिहितेय, उजव्यावर ती झोपलीये. हाताला कधीच्या मुंग्या आल्यात. पाळणा चार पावलांवर आहे, ठेवता येईल. ठेवीन थोड्या वेळाने. तुम्ही आलात की बेल वाजवू नका.